मागचं डावं दार

गाडी सुरू होत नव्हती, आणि अकरा वाजता मुलीची वाहनपरवान्याची परीक्षा याच गाडीत होती. सोमवारपासून तिला फिरत्या परिचारिकेची नोकरी लागणार होती. परवाना नसेल, तर ती जागा दुसरीला जाणार होती. मुलीचे वय तेवीस होते, गाडीचे चोवीस.

मुलीचे वडील निवृत्त रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी सकाळी सातलाच बॉनेट उघडून वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम लिहायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर खाण्याच्या सोड्याने साफ झाला. फ्यूज तपासून झाले, स्पार्क प्लग पुसून झाले. दर वेळी इंजिन कण्हत फिरे, पण पेट घेत नसे.

"अहो, मागचं डावं दार दोनदा आपटा," बायको खिडकीतून म्हणाली. "मी नेहमी तेच करते."

"दाराचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत? सुरू होते."

त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करून गाडीची पुस्तिका उघडली. पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली असतो आणि त्याची जोडणी सैल होऊ शकते, असे तिच्या एकेचाळिसाव्या पानावर छापले होते. परंतु चाळीस आणि एकेचाळीस ही समोरासमोरची पाने जुन्या ऑइलने एकमेकांना चिकटली होती, त्यामुळे ते त्यांना दिसलेच नाही.

सव्वादहा झाले. मुलगी तयार होऊन खाली आली. "बाबा, आपटा ना ते दार. तुमचं काय जातंय?"

"तत्त्व जातं," वडील म्हणाले. पण दार त्यांनी दोनदा आपटले. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले.

"चला," बायको पर्स घेऊन निघाली.

"थांब. एका निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही," असे म्हणून वडिलांनी गाडी बंद केली.



"बाबा, तुम्ही ती बंद केलीत?"

"पुन्हा सुरू झाली, तरच अर्थ आहे."

सकाळपासून राबलेल्या बॅटरीने एक बारीक 'टक्' केले आणि अंग टाकले. मुलगी पायरीवर बसली. बायकोने शेजारच्या टॅक्सीवाल्याला हाक मारली. त्याने आपल्या टॅक्सीच्या बॅटरीपासून या गाडीला वायरी जोडल्या, नवराबायकोच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि मागचे डावे दार स्वतःहून दोनदा आपटले. गाडी सुरू झाली.

"तुम्हाला कसं कळलं?" वडिलांनी विचारले.

"काका, तुमच्या दाराच्या आवाजानेच मला रोज जाग येते. आता पोचेपर्यंत बंद करू नका."

ते अकराला पाच कमी असताना पोचले. आईवडील कुंपणापाशी उभे राहिले. परीक्षक गाडीत बसले आणि म्हणाले, "बंद करा. आता पहिल्यापासून सुरू करून दाखवा."

आईने डोळे मिटले. मुलगी शांतपणे खाली उतरली, तिने मागचे डावे दार उघडले, दोनदा आपटले, परत येऊन बसली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिले.

वीस मिनिटांनी ती उत्तीर्ण झाल्याची चिठ्ठी घेऊन आली. "निघण्याआधी मागचं दार तपासणारी आज मी पहिलीच, म्हणाले. त्याचे पूर्ण गुण दिले."

"एकूण तीनच निरीक्षणं," वडील वही उघडत म्हणाले. "त्यातलं एक तर टॅक्सीवाल्याचं. किल्ली दे जरा."

"गाडी ती चालवतेय," बायको पुढे बसत म्हणाली. "तुम्ही मागे बसा. डावीकडे. आणि दार नीट लावा."

वडील बसले. दार त्यांनी एकदाच, अगदी हलक्या हाताने लावले. इंजिन फिरले, पण पेटले नाही. मुलीने पुन्हा किल्ली फिरवली. मग तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. दोघी समोरच्या काचेतून सरळ पुढे पाहत राहिल्या.

थोड्या वेळाने मागचे डावे दार उघडल्याचा आवाज आला.