आचार्य चारून यांचे एकमेव उत्तर

आचार्य चारून मंगळवारी वारले आणि बुधवारी त्यांच्या स्मरणपुस्तकाची समिती नेमली गेली. तिकडे दहन काही आठवड्यांनी होतं, आणि दहनाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात मृताचं पुस्तक पडलंच पाहिजे. त्याशिवाय माणूस पुरता गेला असं थायलंडमधल्या फिटसानुलोकमध्ये कुणी धरत नाही. समितीत अधिष्ठाता सुराफोन होते, आचार्यांच्या पत्नी नुआनकाकू होत्या आणि तत्त्वज्ञान विभागात आता एकटीच उरलेली प्राध्यापिका ओराया होती.

ओरायाकडे एक निबंध होता. इस्पितळात आचार्यांनी तो तिच्या हातात ठेवला होता. "चाळीस वर्षं पोरांना नुसते प्रश्न विचारले," ते म्हणाले होते. "यात एक उत्तर आहे. तेवढं छाप, पोरी. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला येतच नव्हतं."

"छापू की," अधिष्ठाता म्हणाले. "पुस्तक त्यांचंच तर आहे. आधी शोकसंदेश लावून घेऊ, मग जागाच जागा."

शोकसंदेश हुद्द्याप्रमाणे लागले. प्रांतपालांना रंगीत पान दिलं, म्हणून कुलगुरूंनाही द्यावं लागलं. एका उपकुलगुरूंना पान मिळाल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणं शिष्टाचारात बसेना. शेतकी विभागाच्या प्रमुखांनी आचार्यांना कधी पाहिलंही नव्हतं. ही पोकळी कधीच भरून येणार नाही, असं त्यांनी लिहिलं आणि तेवढं लिहायला दोन पानं भरली.

"शिवाय लोकांनी पुस्तक घरी जपून ठेवलं पाहिजे," अधिष्ठाता म्हणाले. "मागे रसायनशास्त्राच्या प्रमुखांच्या पुस्तकात माशाचं कालवण छापलं होतं. अजून लोक नाव काढतात."

"प्रमुखांचं?" ओरायाने विचारलं.

"कालवणाचं."

नुआनकाकूंनी कोळंबीच्या ठेच्याची कृती सांगितली. "पण हे कधी तोंड लावायचे नाहीत हो त्याला. पित्त उसळायचं त्यांचं." अधिष्ठात्यांनी शीर्षक लिहून घेतलं: आचार्यांचा आवडता ठेचा.

"आणि निबंध, सर?"

"निबंध आहेच ना. फक्त अप्रकाशित लेखन म्हणजे संशोधन, आणि संशोधन म्हटलं की तज्ज्ञांचा अभिप्राय आला. नियम तुझ्या आचार्यांनाही लागू आहेत, ओराया."

विद्यापीठाच्या मान्य यादीत तत्त्वज्ञानाचे तज्ज्ञ म्हणून एकच नाव होतं: आचार्य चारून. त्यांना रीतसर पत्र गेलं. ते नुआनकाकूंनी सही करून घेतलं आणि तसबिरीपुढे ठेवलं.

"सर, ते वारलेत," ओराया म्हणाली.

"ते मला माहीत आहे. कार्यालयाला अजून कळवलेलं नाही. मृत्यूचा दाखला सेवापुस्तकात चढला की नाव यादीतून निघेल."

"मग यादीत कोण राहील?"

"कुणीच नाही. म्हणून तर आपण चढवलेला नाही."

मुदत संपली. ‘तज्ज्ञांनी अभिप्राय दिला नाही, सबब निबंध अमान्य,’ असा शेरा आला. खाली एक सूचना होती: तज्ज्ञांच्या या बेपर्वाईची विद्यापीठाने नोंद घेतली आहे. निबंधाच्या जागी अधिष्ठात्यांनी स्वतः एक वाक्य घातलं, ‘आचार्यांचे विचार गहन होते,’ आणि उरलेल्या जागेत ठेच्याचा फोटो मोठा केला.

ओरायाने स्वतःच निबंधाच्या झेरॉक्स काढल्या. गठ्ठा घेऊन ती दहनाच्या दिवशी विहाराच्या फाटकाशी उभी राहिली. मनाशी तिने ठरवलं होतं की प्रती वाटत सुटायचं नाही. ते उत्तर काय होतं, असं जो विचारेल त्यालाच द्यायची. एकाने जरी विचारलं, तरी आचार्यांचं काम झालं.

लोक चितेवर चंदनाच्या लाकडाची फुलं ठेवून बाहेर येत, पुस्तक उघडत, संदेशांची पानं भराभर उलटत आणि फोटोपाशी थांबत. कुलगुरूंनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. प्रांतपालांच्या पत्नीने डोळे टिपले आणि मिरच्या किती ते पुन्हा वाचलं.

शेवटी एक जाडजूड बाई तिच्यापाशी थबकल्या. "तू त्यांची विद्यार्थिनी ना गं?"

"हो, मावशी." ओरायाने वरची प्रत हातात घेतली.

"एक विचारायचं होतं. पुस्तकात काही सापडलं नाही बघ."

"विचारा ना."

"ताजी कोळंबी घ्यायची की सोडे?"

ओराया गठ्ठा जसाच्या तसा घेऊन घरी गेली. तुम्हीही मघापासून काहीतरी विचारायच्या बेतात आहात, म्हणून सांगून टाकलेलं बरं: सोडेच घ्यायचे. आणि आधी भाजून.