शकीलाआपांचं माप

आमच्या शकीलाआपांच्या मते त्यांची कवळी दरवर्षी थोडी थोडी वाढते.

"आधी गच्च बसायची. आता भाकरी खाताना तोंडात फिरायली," म्हणत त्या तिला पॉलिश पेपरनं घासत बसायच्या. मी शेजारीण, त्यातून मास्तरीण. गप्प बसणं जमत नाही. "आपा, कवळी वाढत नसते," म्हटलं. चष्म्यावरून त्यांनी असं बघितलं, की माझंच काहीतरी वाढलंय असं वाटलं.

आपा शिवणकाम करतात. लातुरात क्लासेस फोफावले, बिलोली-लोह्याच्या पोरी आमच्या गल्लीत खोल्या करून राहू लागल्या आणि आपांच्या मशीनला उसंत उरली नाही. डॉक्टर व्हायला आलेल्या प्रत्येकीला त्यांचा एकच उपदेश: "पाठ ताठ ठेव, न्हाईतर कमीज पुढं लोंबती." स्वतःची कमीज मात्र पुढून पार गुडघ्याखाली उतरलेली. "धुऊन धुऊन कापड सैल पडलं," हा त्यावरचा खुलासा. अंगात दोष असतो हे त्यांना मान्यच नव्हतं. चुकतं ते कापड, नाहीतर दुसऱ्या शिंप्याचं माप.

शेवटी मीच त्यांना दातांच्या दवाखान्यात ओढत नेलं. तिथली तरुण डॉक्टर सरळ बोलली, "कवळी आहे तेवढीच आहे, मावशी. जबड्याचं हाड झिजलंय. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, उंचीसुद्धा कमी होते. सगळ्या हाडांची तपासणी करून घ्या. नाहीतर साधा पाय घसरला तरी खुबा मोडेल."

"माझी उंची कमी न्हाई झाली," म्हणत आपा तडक उठून चालू लागल्या.

एकटी बाई. पडली तर उचलायला कोण? चार दिवस मी विनवण्या केल्या, पाचव्या दिवशी चक्क भांडले. तेव्हा त्यांनी मापांची वही काढली. पहिल्याच पानावर तिरक्या, कोवळ्या अक्षरात उंचीसकट त्यांचं माप होतं.

"रजियानं घेतलेलं हाय. बहीन माझी. शिवन संगंच शिकलो आम्ही. मग तिला औशाकडं दिली, अन् ती भूकंपात गेली." त्या वहीवरून हात फिरवत राहिल्या. "तिच्यामागं माझं माप कुनी घेतलंच न्हाई, बाई. आता उंची कमी झाली म्हनू, तर तिचं चुकलं म्हनल्यावानी होतंय."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, गावभर चौकशा केल्या आणि हे एवढं कधी विचारलं नाही, याची लाज वाटली.

"तिचं बरोबरच होतं, आपा. ते तेव्हाचं," मी म्हणाले. "आजचं मी घेते."

त्या ओढणी सावरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. टेपवर उंची चांगली तीन इंच कमी भरली. त्यांनी स्वतः वाकून आकडा बघितला आणि मान हलवली.

"चल, उद्या येते तुझ्या तपासणीला."

मी वही उघडून पेन टेकवला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"तिचं खोडू नको. खाली लिही. अन् तारीख घाल, म्हंजे तिला कळंल, माझी हाडं कवा झिजली ते."