एक पायरी वरचं मागणं

साटेरीच्या देवळात भिकाजीआबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, तेव्हा नगरसेविका देवकीचं मागणं अगदी माफक होतं. पेडण्यातल्या तिच्या प्रभागात वरच्या वाड्यावर नळ होते, पाणी नव्हतं. मोपाच्या पठारावर रोज विमानं चढत-उतरत होती, पाणी मात्र ही एवढीशी टेकडी चढायला तयार नव्हतं. दहा वर्षं खटपट करून देवकीनं ते अर्ध्या टेकडीपर्यंत आणलं होतं. उरलेल्या अर्ध्या टेकडीसाठी आणखी एकदा निवडून यायला हवं होतं. म्हणून तिनं आबांना एवढंच सांगितलं होतं, की हिला पुन्हा नगरसेविका कर, असं देवीच्या कानावर घाला.

आबांचा पन्नास वर्षांचा अनुभव मात्र वेगळा होता. देव मागितल्याच्या अर्धंच देतो, त्यामुळे मागताना एक पायरी वरचं मागायचं, हा त्यांचा नियम. ज्याला म्हैस हवी, त्याच्यासाठी ते भरलेला गोठा मागत. नगरसेविकेसाठी आमदारकी मागावी, तर जत्रेला मांडव घालून दिलेले आमदार समोरच हात जोडून उभे. आबा क्षणभर अडखळले आणि नाइलाजानं आणखी एक पायरी चढले.

"...आनी ह्या तुझ्या लेकीक खासदार करून दिल्लीक धाड गे माये."

"व्हय म्हाराजा," सगळा वाडा एका सुरात म्हणाला.

गाऱ्हाणं ऐकून, त्यावर विचार करून मग व्हय म्हणायची पद्धत कुठेच नाही. सांगणाऱ्याचा सूर खाली आला की व्हय म्हणायचं. त्यात सर्वांत मोठा आवाज सगुणबाबचा होता. सगुणबाब म्हणजे पक्षाचे तालुकाध्यक्ष. पंचवीस वर्षं ते खासदारकीचं तिकीट मागत होते आणि दरवेळी पक्ष त्यांना दुसऱ्याच्या प्रचाराची जीप देत होता. डोळे मिटून, छाती भरून त्यांनी देवकीच्या दिल्लीला रुकार दिला. समोर उभ्या असलेल्या सोनाली नावाच्या पोरीनं तो मोबाईलमध्ये टिपला. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत तो डिचोलीच्या बाजारात पोचलाही होता.

संध्याकाळी देवकीच्या दारात माणसं अभिनंदनाला आली. तिनं प्रत्येकाला चहा दिला आणि ही आबांची चूक आहे, असं सांगितलं. लोक चहा पिऊन म्हणाले, आधी सगळे असंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं छापलं, की देवकीबाईंनी उमेदवारीचा इन्कार केल्यामुळे त्यांची उमेदवारी निश्चित मानली जात आहे.

तिसऱ्या दिवशी सगुणबाब स्वतः आले. येत्या सोमवारी देवीसमोर नारळ ठेवून, सगळ्यांच्या देखत चूक कबूल करायची, नाहीतर नगरपालिकेच्या पॅनलमधून नाव गेलं म्हणून समजायचं, अशी त्यांची ताकीद होती. देवकी खरं तर तयार होती. टेकडीवरच्या चाळीस घरांपुढे नारळ काय मोठा? घरातला एक सोललेला नारळ तिनं तिथल्या तिथे काढूनही ठेवला. सगुणबाब पायरी उतरता उतरता थांबले नसते, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"देवकीबाय, तू आपली नळावरची भांडणां मिटय," ते म्हणाले. "दिल्लीचां नाव घेवक बायलांक शोभणा ना."

देवकीनं पदर खोचला.

"सगुणबाब, मी मागूक नाय, खरां. पण तुमी सगळ्यांनी देवीफुडे रुकार दिलास. चूक झाली म्हणून सांगूचां तर तुमी सांगा. माजी काय चूक नाय."

त्या नारळाची दुपारी सोलकढी झाली.

लोकसभेला उभ्या राहणाऱ्या अपक्षाला अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. भिकाजीआबांनी पहिली सही केली, तीही ऐटीत. आणखी आठ मिळाल्या. दहावा जयराम. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यानं पणजीत येऊन सही करायची होती, पण सगुणबाबनी त्याला सकाळीच जीपमध्ये घालून फोंड्याला 'महत्त्वाच्या कामासाठी' धाडून दिलं. ते काम काय, हे फोंड्यात कुणालाच माहीत नव्हतं.

दोन वाजून वीस मिनिटं झाली. अर्ज घेणं तीनला बंद. कचेरीबाहेर देवकी नऊ सह्यांचा कागद धरून उभी होती. पलीकडे सगुणबाब ढोल-ताशांत आपल्या पक्षाच्या उमेदवाराला हार घालत होते. त्यांच्या गाडीतून त्यांची बायको सत्यवती उतरली, रस्ता ओलांडून आली आणि तिनं पिशवीतून मतदार ओळखपत्र काढलं.

"खंय करूची सही?"

"वयनी, घरात काय सांगशात?"

"काय नाय सांगूचंय. माजां म्हायार वरच्या वाड्यार. आवय माजी अजून घागरी वाहता."

आत अधिकाऱ्यानं मतदार यादी उघडली, दहावं नाव बोटानं शोधलं, पतीच्या नावावर बोट टेकवलं आणि खिडकीतून ढोलांच्या दिशेनं पाहिलं. मग शिक्का मारला.

पुढचा महिनाभर सगुणबाब गावोगाव भोंगा लावून विचारत फिरले, की कोण ही देवकी. लांबच्या गावांतल्या लोकांनी ते नाव तोवर ऐकलं नव्हतं, म्हणून चौकशी केली. इब्रामपूरपासून पार खालपर्यंत प्रत्येक गावात एक वरचा वाडा होता आणि त्याला पाणी नव्हतं. दोन मोठे उमेदवार एकमेकांना पाडण्यात इतके गुंतले, की दोघेही त्यात यशस्वी झाले. मधून देवकी निवडून आली.

शपथविधीला तिनं आपल्या दहाही सूचकांना दिल्लीला बोलावलं. प्रत्येकाला एक पास, आणि सोबत एक माणूस. संसदेच्या फाटकाशी पहारेकरी एकेक नाव वाचून सोडत होता. सत्यवतीचा पास पाहून त्यानं तिला वाट करून दिली. तिच्यामागे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पंचवीस वर्षं ह्याच दाराची वाट पाहिलेले सगुणबाब होते. पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं आणि आपण कोण, म्हणून विचारलं.

सगुणबाबनी आधी देवकीकडे पाहिलं. देवकी आभाळातलं एक विमान बघत होती. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"हिच्याबरोबर," ते म्हणाले.