गवत म्हणून वाढवलेलं फूल

मी हात लावला की वाळक्या काठीलाही पालवी फुटते, असं मी म्हणालो, आणि तेही एका मरणाऱ्या माणसाला. मरणाऱ्या माणसासमोर बढाई मारण्यात एक सोय असते. ती खरी की खोटी हे पाहायला तो बहुधा थांबत नाही.

बाल्ताझार थांबला!

बाल्ताझार म्हणजे माझ्या बायकोचा, इदालिनाचा थोरला भाऊ. जन्मभर डोंगरातल्या पाटावर पाटकरी. कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे तो ठरवी, त्यामुळे गावात त्याचं भांडण नाही असं घर नव्हतं. आता छाती साथ देईना म्हणून तो आमच्या मागच्या खोलीत पडून असे. खिडकीबाहेर एक ओली भिंत आणि तिला टेकून बसलेलं धुकं. मदेरा बेटाच्या उत्तर अंगाला धुक्याला कामधंदा नाही. आलं की नकोशा पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं.

"दाजी," तो म्हणाला, "ते जांभळं डोंगरी ऑर्किड एकदा फुललेलं बघायचंय. पाटाच्या कडेला असायचं. आता मला तिथवर कोण नेणार?"

"न्यायचं कशाला? खिडकीखाली फुलवतो की!"

रानातलं रोप उपटायला बंदी. म्हणून जर्सी बेटावर राहणाऱ्या भाचीला कळवलं. तिथले लोक आमचं हे फूल अंगणात हौसेनं लावतात. तिनं तिथल्या रोपवाटिकेतून कंद पाठवले. म्हणजे आमच्याच डोंगरातलं फूल आमच्याकडे टपालानं आलं! कंद दिसायला संधिवात झालेल्या बोटांसारखे. सोबत भाचीची चिठ्ठी : "मामा, हे फार चिवट आहे. बर्फातही तगतं. फक्त त्याच्या वाटेला जाऊ नका."

मी गेलो. बटाट्याला घालतात तसं शेळीचं खत भरभरून घातलं. पहिलं पान वर आलं आणि काळं पडलं. खिडकीतून आवाज आला, "दाजी, फूल आहे ते, डुक्कर नाही! नाताळात कापायला पोसताय का?"

मग आमच्या पाळीचं पाटाचं सगळं पाणी मी तिकडे वळवलं.

"ओल द्या म्हटलं मी, जलसमाधी नव्हे!"

असा हिवाळा गेला. तो खिडकीतून शिव्या देई, मी चिखलातून परत देई. एवढ्या शिव्या देणारा माणूस मरतोय कसा म्हणावा, असं डॉक्टर म्हणाले. मग मी दमून त्या रोपाचा नाद सोडला, आणि ते वाढायला लागलं!

एके दिवशी भिंतीवरून शेजारच्या केरुबीनाबाईंचं डोकं उगवलं. यांचा जावई वनरक्षक. डोंगरातलं फूल टपालानं आलं, हे त्याला कोण पटवणार?

"काय हो, हे कुठलं आणलंत? वरच्या रानातलं?"

"छे, छे! गवत आहे हो. माजलंय नुसतं."

"गवताला छत्री लावता?"

"उन्हानं कडू होतं. मग ससे खात नाहीत."

डोकं मावळलं. मी स्वतःवर बेहद्द खूश!

जूनमध्ये तुरा आला. बाल्ताझार मात्र खंगत चालला होता. गव्हाचं सूपही दोन चमच्यांवर आलं. "फुललं की उठवा," एवढंच म्हणे. आणि नेमकं चर्चच्या मोठ्या सणाच्या सकाळी ते फुललं. खालपासून वरपर्यंत जांभळं! पण तो रात्रभर खोकून नुकताच झोपलेला.

"तासभर झोपू दे त्याला," इदालिना म्हणाली. मी दाढी करायला न्हाव्याकडे गेलो.

त्या सणाला आमच्याकडे रस्त्यावर फुलांचा गालिचा घालतात आणि त्यावरून फादर पवित्र भाकरीचं सोनेरी पात्र घेऊन चालतात. आमच्या गल्लीचा गालिचा केरुबीनाबाईंकडे. यंदा धुक्यामुळे जांभळी फुलं उमललीच नव्हती.

परतलो तर खिडकीखाली नुसता खुंट!

"केरुबीनाबाई!"

"ओरडता काय? वरचा तुरा तेवढा कापला. देवाच्या कामी आलं तुमचं गवत!"

"ते गवत नव्हतं!"

"मग काय होतं?"

त्यांच्या मागे फुलांची टोपली घेऊन जावई उभा होता.

"गवतच," मी म्हणालो.

आतून क्षीण आवाज आला, "दाजी, फुललं का?"

फुललं होतं, पण आता ते रस्त्यावरच्या गालिच्यात जाणार होतं. मी आणि त्या जावयानं बाल्ताझारला खुर्चीसकट उचललं आणि रस्त्यावर आणलं. गालिच्याच्या कडेला बोटभर रुंद जांभळी पट्टी होती, तिच्याशी खुर्ची टेकवतो तोच मिरवणूक कोपऱ्यावरून वळली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीतून आणलेलं पाहून गावानं काय समजायचं ते समजलं. बायका रडू लागल्या. बँडनं प्रेतयात्रेची चाल धरली. पाण्यावरून त्याच्याशी बोलणं सोडलेली माणसं हुंदके देत पुढे आली, "बाल्ताझार, पाण्याचं सगळं माफ!"

"मी कुठं माफी मागितली?" बाल्ताझार म्हणाला. पण बँडमध्ये ऐकू कुणाला येतंय!

फादर थेट त्याच्यासमोर येऊन थांबले. डोळे भरलेले. "बाळ, शेवटचं काही सांगायचंय?"

"हो, फादर."

अख्खा गाव गुडघ्यावर आला.

"पाय उचला. फुलावर उभे आहात."

फादरनी पाय उचलला. हातात सोनेरी पात्र, खाली एक पाय, असे ते बगळ्यासारखे डुलत राहिले. पट्टी चिरडून तिथे नुसता जांभळा डाग उरला होता. एक पाकळी बुटाच्या तळाला चिकटली होती. बाल्ताझारनं ती नखानं सोडवली, तळहातावर ठेवली, चष्मा मागवला, आणि पाहत बसला. बँड थांबला. फादर डुलत होते.

"पाहिलंस ना?" मी विचारलं.

"पाहिलं," तो म्हणाला. "पाटाकडची मोठी असायची."

त्याच आठवड्यात तो गेला. त्या सणानंतर माझ्याशी बोलला होता तो फक्त उशी सरळ करा म्हणण्यापुरता. पाटाकडची मोठी का असायची, याचं एक चांगलं उत्तर मला परवा सुचलं. आता ते सांगायचं कुणाला?