जपानच्या माणसाचं सुतक

आमच्या शेजारच्या भय्याजींनी डोकं भादरलेलं दिसलं, की पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीत कुजबुज सुरू होते. नवा माणूस असला तर धास्तावून विचारायलाच जातो. घरातले सगळे धडधाकट असतात. भय्याजी पांढरं धोतर नेसून ओसरीवर बसलेले.

"कोन गेलं जी?"

"दिग्दर्शक गेला."

"कोन्या गावचा?"

"जपानचा."

"मंग तुमाले कायचं सुतक?"

"तुमी मावसभावाच्या साळ्याचं पाळता. त्यानं तुमाले काय देल्लं? मले यानं सिनेमे देल्ले."

भय्याजींची संत्र्याची बाग आहे. नागपूरला कॉलेजात असताना त्यांना देशोदेशीच्या सिनेमांचा नाद लागला, तो सुटला नाही. नट गेला तर मात्र ते ढुंकून पाहत नाहीत. "नटासाठी रडाले अख्खी दुनिया हाय," म्हणतात. "कॅमेऱ्यामागच्याले कोन रडते?"

गेल्या हिवाळ्यात सौसरला त्यांच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, आणि नेमका आदल्या दिवशी एक म्हातारा बंगाली दिग्दर्शक गेला. भय्याजी तसेच, तुळतुळीत डोक्याने मांडवात आले. मी सोबत होतो. त्यांचा धाकटा भाऊ, मुलीचा बाप, हात जोडून म्हणाला, "दादा, टोपी तरी घाल. पाहुने काय म्हनतीन?"

"इचारू दे. सांगतो ना मी."

पाहुण्यांनी विचारलं. भय्याजींनी सरळ माईक हातात घेतला. "ज्या मानसानं उभ्या आयुष्यात एक खोटं चित्र दाखवलं नाही, तो काल गेला. दोन मिन्टं उभे राहा." मांडव गोंधळून उभा राहिला. नवरदेवही हातातला पेढा तसाच धरून उभा.

साक्षगंध पार पडलं, पण भावाने बोलणं टाकलं. त्याची चूक होती असं मला वाटत नाही. भय्याजींनी माफी मागितली नाही. "शोक काय घरात लपून कराचा?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भावाला निदान एक फोन करा, हे सांगायला मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर त्या गेलेल्या दिग्दर्शकाचा सिनेमा चालू होता. समोर भय्याजी, शेजारी त्यांची बायको बेबीताई. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले, त्याला बरीच वर्षं झाली.

"बाई दारात उभी हाय," भय्याजी हळू आवाजात सांगत होते. "पाठमोरी. पायात चप्पल नाही. आंगनात कुत्रं पडलं हाय, तेबी तिच्याकडंच पाहून राहिलं."

"चेहरा कसा हाय तिचा?"

"अजून दाखवला नाही त्यानं. आपल्याले थांबवून राहिला."

मग ते बोलायचे थांबले. मी उंबऱ्यातच थबकलो. बेबीताईंनी चाचपत त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रडा मांगून," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, वळली का ती?"

भय्याजींनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं.

"वळून राहिली," ते म्हणाले. "हळूहळू. थांब वं जराशी, नीट पाहू दे."