बिनचर्चची सहा माणसं

माणसं जोडण्यात माझा हात धरणारं आख्ख्या यॉर्कशरमध्ये कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. एकतीस वर्षं गावच्या चर्चची वॉर्डन होते मी. किल्ल्या माझ्याकडे, मेणबत्त्या माझ्याकडे, कोण कुठल्या बाकावर बसतं तेही मला तोंडपाठ. त्यामुळे आमची तरुण पाद्रीणबाई पिप रडवेली होऊन आली, तेव्हा मी म्हटलं, "पोरी, सहाच ना? सोळा आणते!"

झालं होतं असं, की वरच्या लोकांना नव्या तऱ्हेचं चर्च हवं होतं. इमारत नाही, घंटा नाही, बाक नाहीत. पिपचं चर्च रोपवाटिकेच्या कॅफेत, दर मंगळवारी अकराला, खिडकीजवळच्या टेबलावर. अट एकच. पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत तिथे कुठल्याही चर्चला न जाणारी सहा माणसं जमली पाहिजेत. नाही जमली, तर पिपची बदली. माझा नवरा हॅरल्ड शेवटचे दोन महिने अंथरुणावर होता, तेव्हा ही पोर रोज त्याच्या उशाशी येऊन बसायची. तिला मी अशी जाऊ देते होय?

"पण विनीमावशी, एक पथ्य पाळायचं," पिप म्हणाली. "पहिले सहा आठवडे नुसतं ऐकायचं. देवाचं नाव काढायचं नाही, आणि तुम्ही चर्चच्या आहात हे कळू द्यायचं नाही. लोक बिचकतात."

"आणि तू?"

"मी लांब, कुंड्यांपाशी. माझी पाद्र्याची पांढरी कॉलर दिसली की टेबल रिकामं होतं."

पहिल्या मंगळवारी मी एकटीच. दुसऱ्या मंगळवारी सेड्रिक नावाचे एक गृहस्थ आले. "ही खुर्ची कोणाची आहे का?" एवढंच विचारलं आणि बसले. मग गुडघा धरत म्यूरियल आली. चौथ्या आठवड्यापर्यंत आम्ही सहा जण झालो. तुम्ही इथे कशासाठी येता, असं कोणी कोणाला विचारलं नाही. एकदा चहाचा दुसरा कप ओतला, की असलं काही विचारणं आमच्याकडे असभ्यपणाचं.

अडचण एवढीच, की सगळे कान देऊन ऐकत. बोलणार कोण? पावसावर दहा मिनिटं जायची, घेवड्यावरच्या गोगलगायींवर दहा. मग शांतता. शेवटी म्यूरियल गुडघ्याबद्दल सांगायची आणि आम्ही पाचही जण असे माना डोलवायचो, की डॉक्टरनेही तिचं तेवढं ऐकलं नसेल. बिस्किटांची बशी आली की सेड्रिक ती दोन्ही हातांनी, खाली मान घालून शेजाऱ्याकडे सरकवायचे, थेट चर्चमधल्या दानाच्या थाळीसारखी. मला वाटलं, सैन्यात असतील.

"पक्के नास्तिक आहेत," मी पिपला कळवलं. "पण पाघळतायत हळूहळू."

सातव्या मंगळवारी आर्चडीकन आले. म्हणजे बिशपसाहेबांचे मोठे कारभारी. त्यांच्यामागे पिप, चेहरा पांढराफटक.

साहेब टेबलापाशी थांबले. "सेड्रिक? तुमच्या चर्चच्या छपराचं काम कुठवर आलं?"

सेड्रिकचा कप हवेतच राहिला.

"आणि म्यूरियल, तुम्ही? आणि विनिफ्रेडबाई? अहो, सहा गावांच्या चर्चचे सहा वॉर्डन इथे काय करतायत?"

म्यूरियल पुटपुटली, "आमच्या पाद्रीबुवांनी पाठवलं. चर्चच्या पत्रकात आलं होतं ना, मंगळवारी इथे चर्चला न जाणारे लोक बसतात म्हणून. त्यांचं नुसतं ऐक म्हणाले."

"मलाही तेच सांगितलं," सेड्रिक म्हणाले. "मी दर आठवड्याला पाच नास्तिकांचा अहवाल पाठवतोय."

"मी नास्तिक?" म्यूरियल भडकली. "तीस वर्षं ऑर्गन वाजवतेय मी!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे चर्चला न जाणारे किती?"

"एकही नाही, साहेब," पिप म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"साहेब," मी म्हटलं, "माणसं कुठल्याही चर्चला जाणारी नसावीत, एवढीच अट ना?"

"हो."

"मग या रविवारपासून मी जात नाही." पर्समधून चर्चच्या किल्ल्या काढल्या आणि ठेवल्या टेबलावर.

सेड्रिकनी खिसा चाचपला. "आमच्या चर्चमध्ये बावीस वर्षं मी एका बाईंच्या मागे बसतोय. नाव ठाऊक नाही. पण म्यूरियलचा गुडघा मला पाठ आहे." त्यांच्याही किल्ल्या आल्या. म्यूरियल लाजून लाल झाली, आणि तिने आपला जुडगा त्यांच्या जुडग्याशेजारी ठेवला. बघता बघता सहाही जुडगे टेबलावर.

साहेबांनी ते जुडगे एकेक करून मोजले. "याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही," म्हणाले, आणि वहीत सहाचा आकडा टाकला. पिप माझ्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली.

पहिला रविवार मी शेगडी दोनदा घासण्यात काढला. दुसऱ्या रविवारी काही राहवेना. तासभर बसने डोंगरापलीकडच्या गावी गेले, जिथे मला कुत्रंही ओळखत नाही. चर्चमध्ये गुपचूप शिरले आणि शेवटच्या बाकाकडे वळले.

बाकावर सेड्रिक. त्यांना खेटून म्यूरियल. खांबाआड बाकीचे तिघे.

सेड्रिक जरा सरकले. मी बसले आणि स्तोत्रांचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

पिपला यातलं काही सांगू नका हं.