दार वाजण्याआधीचा अंधार

सिनेमाचा शेवट समजावून सांगावा तर चष्मेवाल्यानंच, असं सबंध घराण्यात एकच माणूस म्हणत असे. तो म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारा स्वतः चष्मेवाला! आईच्या शिलाई मशीनवरून त्याची ताई आणि धाकटा भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांना भावाबहिणीच्या भांडणाचा सिनेमा दाखवायचा, शेवटाचा अर्थ सांगायचा, की झालीच दिलजमाई! त्यानं तीन तिकिटं काढली आणि मधल्या खुर्चीत स्वतः ठाण मांडलं.

पडद्यावरचा भाऊ बहिणीच्या दारात आला. दार वाजवायला हात उचलला... आणि पडदा काळाकुट्ट! आवाजही बंद!

चष्मेवाल्याच्या अंगावर काटा आला. "अहाहा! काय शेवट केलाय!"

"संपला?" ताईनं विचारलं.

"अगं, संपवला! दार आता आपण वाजवायचं!"

"जरा मोठ्यानं सांगा हो!" मागून कुणीतरी म्हणालं. मग काय, स्वारी उभीच राहिली. "मंडळी, हा अंधार म्हणजे आपला अहंकार!" सगळं थिएटर श्वास रोखून ऐकू लागलं. चष्मेवाला स्वतःच स्वतःवर थक्क झाला.

अंधारात धाकटा हुंदका गिळत म्हणाला, "ताई, मशीन तूच ठेव गं."

"नको रे राजा, तूच ने."

चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. आपल्या शब्दांत एवढी ताकद? इतक्यात तोंडावर बॅटरीचा झोत आला.

"ओ, खाली बसा!" डोअरकीपर खेकसला. "प्रोजेक्टरचा दिवा उडालाय. अजून अर्धा तास सिनेमा आहे!"

अर्ध्या तासात काय वाटेल ते होऊ शकतं! "चला, निघू या!" चष्मेवाला दोघांना ओढू लागला. कुणी हलेना. पडदा उजळला. टकटक झाली. बहिणीनं दार उघडलं, भावाला नखशिखांत न्याहाळलं आणि धाडकन दार लावून घेतलं!

सगळं थिएटर वळून चष्मेवाल्याकडे बघू लागलं. त्यानं भीत भीत शेजारी पाहिलं. त्याच्या मांडीवरून हात लांबवून ताईनं धाकट्याचा हात घट्ट धरला होता.

"काय बाई आहे!" ती पडद्यावरच्या बहिणीवर डाफरली. "सख्ख्या भावाला असं?"

चष्मेवाला बघतच राहिला. हा अर्थ त्यानं सांगितलाच नव्हता.

दिलजमाई झाली, पण "तूच ठेव", "तूच ने" काही संपेना. शेवटी मशीन आलं चष्मेवाल्याच्या दुकानात. डोळे तपासायला येणारा प्रत्येक जण आधी त्या मशीनवर आपटतो आणि घाबरून विचारतो, "फार वाढलाय का हो नंबर?"